गळा आमचा, नाव कुणाचं?

जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला विचारा, ही चाल कुठली? ती म्हणेल, "हा माझा गळा." मावळ-मुळशीपासून आमच्या जुन्नरपर्यंत ओवीच्या चालीला बायका 'गळा'च म्हणतात. हा आईकडून आलेला गळा, हा सासरी आल्यावर जावेकडून उचललेला, आणि हा माझा स्वतःचा, असा हिशेब त्यांच्याकडे चोख असतो. शहरातल्या संगीतवाल्यांच्या भाषेत मात्र गळा म्हणजे नुसता आवाज. 'बाईचा गळा गोड आहे' म्हटलं की त्यांचं बाईबद्दलचं बोलणं संपतं. चाल कुणी बांधली, हा प्रश्न ते बाईला विचारतच नाहीत. या दोन अर्थांमधल्या अंतरात आपली केवढी मोठी लूट झाली आहे, त्याबद्दल हा लेख आहे.

आधी घडलं ते सांगते. डिंगोऱ्यातल्या आमच्या गटातल्या चौघीजणी एका विद्यापीठाच्या संगीत महोत्सवात ओव्या म्हणायला गेल्या होत्या. मी सोबत होते. विद्यापीठाचं नाव मुद्दामच घेत नाही. नाव घेतलं की गोष्ट तेवढ्या एका जागेची होऊन बसते, आणि ती तशी नाही. महोत्सव होता आजच्या काळातल्या अभिजात संगीताचा. जुनं तेच ते गायचं नाही, नव्या रचना ऐकवायच्या, असा त्याचा हेतू. हेतू चांगलाच होता. त्याआधी काही महिने तिथले एक प्राध्यापक गावात येऊन गेले होते. टोमॅटोची तोडणी आटोपून बायका संध्याकाळी जमल्या, दोन तास ओव्या म्हटल्या, त्यांनी रेकॉर्ड केल्या, चहा घेतला, गेले. मग निमंत्रण आलं.

उद्घाटनाला पाच मिनिटं मिळाली. रंगमंचावर वारली चित्रं काढलेलं जातं ठेवलं होतं. त्याला खुंटा नव्हता, ते फिरत नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं, 'जात्यावरच्या ओव्या – सादरकर्त्या : ग्रामीण महिला'. ओव्या झाल्या, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. मानधनाचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी मुख्य कार्यक्रमात एका तरुण रचनाकाराची नवी रचना होती. सतार, चेलो, तबला, बासरी आणि एका मुलीचा आवाज. मध्यावर ती मुलगी आलाप करू लागली आणि माझ्या शेजारी बसलेल्या आत्या ताठ झाल्या. आत्यांचं वय सत्तरीच्या पुढचं. माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, ह्यो तर माझा गळा!" पत्रिका उघडून पाहिली. रचनाकाराचं नाव ठळक. वादकांची नावं त्याखाली. शेवटी बारीक अक्षरात, 'लोकपरंपरेवर आधारित'.

परतीच्या वाटेवर आत्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यानं चांगलं बांधलंय. पर त्याला ठावं हाय का, ह्यो कुणाचा गळा ते?"

मैत्रिणींनो, त्याला ठाऊक होतं. त्याच्या प्राध्यापकांच्या रेकॉर्डिंगवर आत्यांचं नाव त्यांच्याच तोंडून नोंदलेलं होतं. 'लोकपरंपरा' हे असं नाव आहे, जे बाईचं नाव लिहायचं नसलं की लिहितात.

यावर ठरलेला आक्षेप येईल. ओवी सगळ्यांची असते, तिला एक मालक नसतो, तुम्ही बायका कसला हक्क सांगता? मग राग तरी एकट्याचा असतो का? यमन कुणी एकाने बनवला? तरीही त्याच यमनात चार ओळींची बंदिश बांधणाऱ्याने आपली मुद्रा घातली तर आपण ती आदराने जपतो. नियामत खाँ 'सदारंग' म्हणून अडीच-तीनशे वर्षं ओळखले जातात, फैयाज खाँ 'प्रेमपिया' म्हणून. साठा सगळ्यांचा असला तरी त्यातून घडवणाऱ्याचं नाव राहू शकतं, हे या संगीताला उत्तम कळतं. कळत नाही ते फक्त घडवणारी बाई असली की.

आणि त्या बंदिशींत बोलतं कोण, ते तरी बघा. ख्याल-ठुमरीतल्या किती बंदिशींत सासू आहे, नणंद आहे, न आलेला पिया आहे, पायातलं पैंजण वाजेल म्हणून जीव मुठीत धरून निघालेली बाई आहे. तोंड बाईचं, दुःख बाईचं, आणि शेवटच्या ओळीत सही पुरुषाची! खऱ्या सासुरवाशिणीने पहाटे उठून जात्याशी जे सांगितलं, त्याखाली मात्र सही नाही. पुरुषाने कल्पिलेली बाईची कळ ती 'अभिजात', बाईने स्वतः सोसून बांधलेली ती 'लोक'. ही वाटणी सुरांमुळे झालेली नाही, ती सत्तेतून आली आहे.

ही सत्ता कशी बसली, ते थोडं मागे जाऊन पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मैफलीचं गाणं मोठ्या प्रमाणात पेशेवर कलावंतिणींच्या गळ्यात होतं. मग मध्यमवर्गीय सुधारक पुढे आले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पंडित भातखंड्यांनी बंदिशी गोळा केल्या, त्यांना स्वरलिपी दिली, 1916 साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. या कामाचं मोल कमी नाही. घराण्याबाहेरच्या मुलींना, तुमच्या-माझ्यासारख्यांना, गाण्याची दारं त्यामुळेच उघडली. पण गाणं 'प्रतिष्ठित' करायचं म्हणजे ते 'तसल्या' बायकांपासून दूर न्यायचं, असा तो सौदा होता. घरंदाज बाईला गाता यावं म्हणून गाणारी बाई बाहेर काढली गेली. स्वातंत्र्याच्या आगेमागे आकाशवाणीनेही हेच केलं. जिचं खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा बाईला माईकसमोर बसू द्यायचं नाही! साथीच्या पुरुषांच्या खासगी आयुष्याची चौकशी कुणी केली नाही.

गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या काळातून गेल्या. अल्लादियाखाँसाहेबांचं अवघड गाणं त्यांनी कष्टाने मिळवलं. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, बाईने सभ्य प्रेक्षकांपुढे ताठ बसून गाण्याची जागा तयार केली. 1977 साली व्हॉयेजर यानांतून पृथ्वीचं संगीत अंतराळात धाडलं, तेव्हा भारताचा म्हणून जो एक आवाज निवडला तो केसरबाईंचा होता. किशोरी आमोणकर तर पुढे अनेकदा सांगत, की आईबरोबर मैफलींना जाताना आईला मिळणारी हलकी वागणूक त्यांनी लहानपणी पाहिली, म्हणूनच स्वतः मान मिळाल्याशिवाय गायचं नाही असं त्यांनी ठरवलं. याच किशोरीताईंना जन्मभर 'तऱ्हेवाईक' म्हटलं गेलं. असंच वागणाऱ्या पुरुष गवयाला कलंदर म्हणतात.

आता आमच्या जुन्नर तालुक्यात या. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. दोनदा राष्ट्रपती पदक मिळालेली ही बाई फडावर असताना कळा सुरू झाल्या म्हणून आत गेली, बाळंत झाली, आणि पुन्हा लोकांपुढे नाचायला उभी राहिली, ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. बाळंतपणाची एक रात्रसुद्धा ज्या धंद्यात मिळत नाही, तो धंदा बाईच्या जिवावर चालतो, एवढंच दिसतं. 2002 साली त्या गेल्या, तेव्हा शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले होते. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. जिवंतपणी पुरेसा पैसा नाही, मेल्यावर नाव. आणि जात्यावरच्या आत्यांना तर नावही नाही.

मग विद्यापीठं आली. त्यांच्याबद्दल मी कृतज्ञतेनेच लिहिते. 1969 साली मुंबई विद्यापीठात संगीत विभाग सुरू झाला. 1987 साली पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र निघालं. महर्षी कर्व्यांनी 1916 साली काढलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे एस.एन.डी.टी.त, प्रभाताई अत्रे संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. प्रभाताईंचं उदाहरण इथे मुद्दाम घेते, कारण आपल्या विषयाचं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. विज्ञान आणि कायदा शिकलेली ही बाई नुसती गायली नाही. तिने अपूर्व कल्याण, मधुरकौंस असे राग बांधले. मारुबिहाग आणि कलावतीतल्या ज्या ध्वनिमुद्रिकेने ती घराघरांत पोचली, त्या बंदिशी तिच्या स्वतःच्या होत्या. सरगम का गायची याची शास्त्रीय मांडणी तिने केली, आपल्या बंदिशींची पुस्तकं काढली. 2022 साली पद्मविभूषण मिळालं, जानेवारी 2024 मध्ये त्या गेल्या. तेव्हाच्या मथळ्यांत 'ज्येष्ठ गायिका' हेच शब्द पुढे होते. रचनाकार, हा शब्द फार थोड्यांना सुचला.

आणि प्रभाताई एकट्या नाहीत. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी स्वतःच्या बंदिशींचे 'रागरचनांजली'चे भाग प्रसिद्ध केले. तेव्हा 'बायका रचना करतच नाहीत' हे कुणी सांगू लागलं, तर त्याला ही नावं ऐकवा.

विद्यापीठाचे महोत्सव मात्र या रचनेला जागा देत नाहीत. युवक महोत्सवाचे प्रकार आपल्या मुलींना पाठ आहेत. शास्त्रीय गायन, तालवाद्य, स्वरवाद्य, सुगम गायन, समूहगान, लोकवाद्यवृंद, पाश्चात्य गायन. महाविद्यालयातून विद्यापीठ, तिथून 2003 पासून भरणारा राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य', तिथून राष्ट्रीय पातळी. या सगळ्या पायऱ्यांवर मुलगी सर किंवा बाईंनी बसवून दिलेलं गाते. 'तू स्वतः काय बांधलंस?' असं तिला एकाही पायरीवर विचारत नाहीत. आणि जिथे नव्या रचनांचा महोत्सव म्हणून वेगळा भरवतात, तिथे रचनाकार म्हणून पुरुष बसतात आणि मुलीला आलापाला घेतात. शिकताना तिला बांधायची सवय लागू द्यायची नाही, आणि मग म्हणायचं की रचनाकार बायका मिळत नाहीत!

हे आपल्याकडचंच आहे असं नाही. युरोपात नव्या संगीताचा सर्वांत पुरोगामी मानला गेलेला मेळावा जर्मनीतल्या डार्मस्टाटचा, 1946 सालापासूनचा. 2016 साली तिथल्या एका संगीतकार बाईने, ॲश्ली फ्यूर हिने, मैत्रिणींना घेऊन जुनी दप्तरं उघडली आणि मोजलं. सात दशकांत वाजवल्या गेलेल्या रचनांपैकी जवळपास 93 टक्के पुरुषांच्या निघाल्या. सगळे जुने नियम मोडायला निघालेल्या लोकांनी हा एक नियम मोडला नव्हता. व्हिएन्नाच्या जगप्रसिद्ध फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने तर 1997 सालापर्यंत बाईला सभासदच करून घेतलं नव्हतं. तिथे हार्प वाजवणारी बाई वर्षानुवर्षं वाजवत होती, पण सभासद म्हणून तिचं नाव नव्हतं. आत्यांना हे सांगितलं तर त्या हसल्या. "म्हंजी तिकडंबी तसंच."

मोजणं हे आपलं जुनं हत्यार आहे. घरकाम मोजलं तेव्हा ते काम आहे हे दिसलं. तसंच हेही मोजूया. पुढच्या वेळी कुठल्याही संगीत महोत्सवाची पत्रिका हातात आली की चार रकाने आखा. गाणाऱ्या बायका किती, रचना करणाऱ्या किती, तबला-पखवाज-हार्मोनियमच्या साथीला किती, आणि निवड समितीत किती. पहिला रकाना भरेल. तंबोऱ्यावर मागे बसलेल्या मुली मोजल्या तर आणखीच भरेल. बाकीचे तीन बघा. तबल्यात आबान मिस्त्रींनी स्वतंत्र वादन केलं, तबला-पखवाजाच्या घराण्यांवर संशोधन केलं. अनुराधा पाल यांनी 1996 साली 'स्त्री शक्ती' हा बायकांचाच वाद्यवृंद उभा केला. तरीही आयोजक अजून विचारतात, "बाई साथ करू शकेल का? गायकाला चालेल का?" गायकाला चालणार नसेल तर गायक बदला, असं कुणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल मैफलीत कुजबुज होते आणि व्यासपीठावर मौन. गुरू-शिष्य परंपरेत मुलगी गुरूच्या घरी असते, त्याच्या मर्जीवर तिचं शिक्षण, तिचे कार्यक्रम, तिचं भविष्य. 2018 साली चेन्नईत कर्नाटक संगीतातल्या बायकांनी छळाबद्दल तोंड उघडलं, तेव्हा तिथल्या म्युझिक ॲकॅडमीला त्या वर्षीच्या हंगामातून सात कलावंत वगळावे लागले. 2020 साली भोपाळच्या एका नामांकित ध्रुपद गुरुकुलातल्या विद्यार्थिनींनी तक्रारी उघड केल्या. भंवरी देवीच्या लढ्यातून 1997 साली विशाखा निवाडा आला, 2013 साली कायदा झाला, 2015 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी नियम केले. म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या महोत्सवाला 'आमच्याकडे परंपरा आहे' असं म्हणून सुटता येणार नाही. बाहेरून आलेला पाहुणा उस्ताद असो की पंडित, विद्यार्थिनीला तक्रार कुठे करायची हे पत्रिकेवर छापलेलं असलं पाहिजे.

'कलेत बाई-पुरुष कशाला आणता, तिथे फक्त गुणवत्ता बघावी', असं म्हणणारे भेटतील. बघा ना गुणवत्ता! पण ती बघायला मुलगी सभागृहापर्यंत पोचायला हवी. डिंगोऱ्याच्या मुलीला रात्री नऊला सुरू होणारी मैफल ऐकायची तर परतीची एसटी नाही, मुक्कामाची सोय नाही, आणि घरी उत्तर द्यायचं ते वेगळंच. ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या जत्रेला श्रावणी सोमवारी जाऊ देणारं घर पुण्यात रात्र काढू देत नाही. जी ऐकूच शकली नाही, तिच्याकडून रचनेची अपेक्षा कशी करणार?

आता थोडं आपल्याकडे. आपणही शास्त्रीय संगीत म्हणजे उच्चवर्णीयांची करमणूक म्हणून त्याकडे पाठ फिरवली. मोर्चात आपण ओव्यांच्या चालींवर गाणी बसवली, गाण्यांच्या पुस्तिका काढल्या, आणि कितीदा खाली लिहिलं, 'पारंपरिक चाल'? ती चाल ज्या बाईने शिबिरात आपल्याला शिकवली तिचं नाव आपणही विसरलो. तेव्हा बोट दाखवताना एक बोट आपल्याकडे राहू द्या. याउलट काम झालेलंही आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवून. म्हणजे नाव लिहिता येतं. लिहायचं ठरवावं लागतं.

कायदाही आपल्या बाजूला थोडा सरकला आहे. कॉपीराइट कायद्यात 1994 साली सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क आले, आणि 2012 च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लावलं जावं असं म्हणण्याचा हक्कही आला. 'ग्रामीण महिला' हे कुणाचंच नाव नाही.

म्हणून विद्यापीठांपुढे आणि त्यांच्या महोत्सवांपुढे आपल्या मागण्या अशा :

1. गाणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव आणि गाव पत्रिकेवर छापा. जिच्या गळ्यावर रचना उभी आहे तिचं नाव रचनाकाराच्या शेजारी, त्याच अक्षरात.

2. सतारवाल्याला मानधन मिळतं, तसंच जात्यावरच्या बाईलाही द्या. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. शाल पांघरून ती भरून येत नाही.

3. रेकॉर्ड करण्याआधी लेखी परवानगी घ्या, बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवा, आणि रेकॉर्डिंगची प्रत गावात ठेवा.

4. ज्या नव्या रचना महोत्सव मागवतो, त्यांपैकी निम्म्या बायकांकडून मागवा. युवक महोत्सवात 'स्वतःची रचना' हा प्रकार सुरू करा.

5. साथीला आणि निवड समितीत बायका घ्या. शोभेला एक नको.

6. तक्रार समितीची माहिती जाहीर करा. गावाकडून येणाऱ्या मुलींसाठी दिवसाच्या मैफली, मुक्काम आणि प्रवासखर्च यांची सोय करा. लेकुरवाळ्या कलावंतांसाठी पाळणाघर ठेवा.

यातली एकही मागणी संगीत बिघडवणारी नाही.

आमच्या गटाने त्यानंतर एक वही केली आहे. महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास वही उघडतो. कोणता गळा, कुणाचा, कुणाकडून आला, कधी म्हणतात. आतापर्यंत एकवीस गळे लिहून झालेत. अकरावा आत्यांचा. त्याच्यापुढे त्यांनी स्वतः सही केली आहे. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, थोडी वाकडी सही.

त्या प्राध्यापकांना आम्ही पत्र पाठवलं आहे. रचना पुन्हा वाजेल तेव्हा आत्यांचं नाव छापावं आणि मानधन द्यावं, एवढंच लिहिलं. उत्तर आलं तर याच पानांवर कळवू, नाही आलं तरी कळवू. तोवर तुम्ही तुमच्या गावात वही सुरू करा. पुढचा रेकॉर्डरवाला आला की आधी वही पुढे करायची, मग गळा मोकळा करायचा.